मी न कापलेलं चेंबर

रायफलच्या बॅरलवर कुंकू होतं. नुसता ठिपका नाही, चांगलं ओलं बोट ओढलेलं, वर हळद आणि चिकटलेल्या दोन अक्षता. दसऱ्याला डॉक्टरच्या बायकोनं शस्त्रपूजा केली होती, आणि नंतर ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या दमट हवेत रायफल तशीच कपाटात ठेवून दिली होती. कुंकवाच्या कडेनं गंज धरायला लागला होता. आता ती माझ्या बेंचवर होती आणि अविनाश विचारत होता, "रीचेंबर करून कधी देतोस?"

डॉक्टर अविनाश देव माझा नागपूरचा शाळासोबती. तो मेडिकलला गेला, मी पॉलिटेक्निकला. तो इथे हृदयाचा डॉक्टर झाला. मी आधी भारतात दारूगोळ्याच्या कारखान्यात होतो, मग ह्यूस्टनला तेलविहिरींची टूल्स बनवणाऱ्या एका कंपनीत. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि कंपनीनं निम्म्या लोकांना लेऑफ दिला. लेथ चालवता येतो एवढ्या भांडवलावर मी हायवेलगतच्या एका गनशॉपमध्ये लागलो. मालक अर्ल, सत्तरीचा, मोजकं बोलणारा. त्याच्या हाताखाली मी गनस्मिथ झालो, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा.

ही रायफल अविनाशला एका पेशंटनं भेट दिली होती. महायुद्धाच्या आधीची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काडतूस आत ढकलणारा बोल्ट एका बोटानं सरकणारा. अशी रायफल मी फक्त कॅटलॉगमध्ये पाहिली होती. मला हेवा वाटला. अविनाशचं घर, त्याचा स्विमिंग पूल, त्याची जर्मन गाडी यांचा हेवा आता अंगवळणी पडला होता. पण रायफल माझ्या धंद्यातली होती. ती याला मिळावी आणि यानं तिला हळदकुंकू फासून कपाटात गंजवावी, हे मला सहन होईना. गाढवाला गुळाची चव काय, असं मी मनात म्हटलं.

चेंबर म्हणजे काय ते सांगतो. बॅरलच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं, ती पोकळी म्हणजे चेंबर. प्रत्येक काडतुसाचं चेंबर त्याच्याच मापाचं असतं. रीचेंबर करायचं म्हणजे रीमर नावाचं कापायचं हत्यार फिरवून ती पोकळी मोठी करायची. मग जास्त दारूचं, जास्त जोराचं काडतूस बसतं. निघालेलं पोलाद मात्र परत भरता येत नाही.

अविनाशच्या गोळ्या नेमबाजीच्या रेंजवर इकडेतिकडे जात होत्या. काडतूस जुनाट आहे, दम नाही, असं त्याचं मत. शिवाय त्याच्या पार्टनर डॉक्टरनं नवी कोरी मॅग्नम, म्हणजे जास्त जोराच्या काडतुसाची रायफल, घेतली होती आणि हरणांच्या शिकारीचा सीझन तोंडावर आला होता. म्हणजे तोही जळतच होता, फक्त त्याला परवडत होतं.

मी नाही म्हटलं. कापली की तिची किंमत गेली, जुन्या रायफलींचे शौकीन नंतर तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत, असं समजावलं.

"मला विकायची कुठे आहे?" तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "श्याम, खरं सांग यार. तुझा जळफळाट होतोय ना? म्हणून नाही म्हणतोयस."

"होतोय," मी म्हटलं. "तरी कापू नये."

तो सरळ काउंटरवर अर्लकडे गेला. अर्लनं ऐकून घेतलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की वस्तू गिऱ्हाईकाची आहे, तू कापणार नसशील तर मी कापतो. आधी तो लाल रंग मात्र साफ कर.

आमच्याकडे रीचेंबर केलं की बॅरलवर नव्या काडतुसाचं नाव ठोकतात आणि शेजारी काम करणाऱ्याची आद्याक्षरं. तशा रायफलवर माझी आद्याक्षरं कायमची राहिली असती. अर्लची का राहावीत, असाही विचार मनात येऊन गेला. मी चरफडतच तेलाचं फडकं घेतलं.

कुंकू निघालं, पण पूर्ण निघेना. कंपनीनं ठोकलेल्या खोल अक्षरांत ते बसलं होतं, ते साहजिक होतं. त्याच्या पुढे, जिथे बॅरल गुळगुळीत दिसत होतं, तिथेही लाल रेघा राहिल्या होत्या. मी भिंग लावलं. घासून पुसलेले आकडे होते आणि एक अर्धवट अक्षर. कुणीतरी तिथे काहीतरी ठोकलं होतं आणि मागाहून पॉलिश करून लपवलं होतं.

मी ते अर्लला दाखवलं, आणि चेंबर आधीच कुणी कापलंय का हे बघायला आम्ही कास्टिंग घेतलं. म्हणजे थोड्याशा उष्णतेवर वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओततात, थंड झाला की ढकलून काढतात. चेंबरचा हुबेहूब ठसा हातात येतो. अर्लनं मायक्रोमीटर लावला, पुन्हा लावला आणि ठसा माझ्या हातात दिला. चेंबर मॅग्नमचं होतं. रायफल कधीच कापली गेली होती. जुनं काडतूस त्या मोठ्या पोकळीत सैल बसत होतं, म्हणून गोळ्या भरकटत होत्या. आणखी कापलं असतं तर बॅरल फुकट गेलं असतं.

मला आनंद झाला, हे लपवत नाही. अविनाशचं सोनं पितळ निघालं होतं. मी त्याला फोन करून बोलावलं आणि ठसा काउंटरवर ठेवून सगळं सविस्तर सांगितलं. त्याचा चेहरा पडायची वाट बघत उभा राहिलो.

"म्हणजे माझ्याकडे मॅग्नम आधीपासूनच आहे?" तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता.

अर्लनं सगळी मापं पुन्हा तपासली, बॅरलवर काडतुसाचं खरं नाव ठोकलं आणि त्याला योग्य काडतुसं दिली. माझा आनंद तेवढ्यात संपला.

महाराष्ट्र मंडळाची दिवाळी इथे सगळ्यांच्या सोयीनं, नोव्हेंबरच्या अखेरीस होते. अविनाशनं हरण मारलं होतं, पार्टनरच्या आधी. लोक त्याच्याभोवती घोळका करून होते. "कुंकवात मला ती अक्षरं दिसली," तो सांगत होता. "म्हटलं, थांबा, आधी कास्टिंग घ्या."

"भाऊजी, तुमची नजर म्हणजे कमाल आहे," माझी बायको शुभा म्हणाली. मी घरी तिला सगळं सांगितलं होतं. ती बहुतेक ऐकत नव्हती.

अविनाशनं मला पाहिलं आणि हात खांद्यावर टाकला. "हा आपला श्याम, त्याच दुकानात असतो. क्लीनिंग यानंच केलं. फार छान करतो."

मी बटाटेवडा खाल्ला.

चेंबर कापलं असतं तर वाटोळं झालं असतं, पण माझी आद्याक्षरं बॅरलवर राहिली असती. न केलेल्या कामावर कुणी नाव ठोकत नाही. तेव्हापासून एखाद्या कामाला नाही म्हणायचं असेल तर मी बेंचवर पुटपुटत नाही. काउंटरवर येतो, दुकानात चार माणसं जमेपर्यंत थांबतो आणि मोठ्यानं सांगतो.