गोळी सुटली

तुम्ही रोज जी गोळी घेता, तिचं खरं नाव तुम्हाला ठाऊक आहे? पाकिटावर ठळक छापलेलं नव्हे; त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत असतं, ते.

हा प्रश्न माझा नाही, रोहिणीमावशीचा. फुलचूरला तिचं औषधांचं दुकान होतं. तीन आठवड्यांपूर्वी सकाळी ती गेल्याचा फोन आला, तेव्हा मी मोर्चाचं पत्रक लिहीत होतो. ते अर्धंच राहिलं…

काही वर्षांपूर्वी दुकानातल्या कॅलेंडरवर एका तारखेला तिनं लाल गोल केला होता. कोणाचा वाढदिवस, असं मी विचारलं.

"गोळी सुटून राहिली त्या दिवशी."

"जेलात होती का?"

"तसंच समज." मग तिनं समजावलं. औषध शोधणारी कंपनी पेटंट घेते. अर्ज केल्यापासून वीस वर्षं दुसऱ्या कोणाला ते बनवता येत नाही. मुदत संपली की कोणीही बनवावं, आणि मग भाव उतरतो. मी भडकलो, ही लूट आहे म्हणालो. "बोंबलू नोको. शोधनाऱ्याची बी मेहनत हाय. पन मुदत संपली त सोडाले पाहिजे ना!" आणि हसली, "मालाची मुदत संपली त फेकतो, पेटंटची संपली त पेढे खातो."

ती साखरेची, म्हणजे मधुमेहाची, गोळी सुटली त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं: 'साखरेची गोळी सुटली!' बाजारात स्वतः वाटलं. महिनाभरानं निरोप आला, मावशीचं जुनं गिऱ्हाईक, नागझिऱ्याकडची सायाबाई, भाताची रोवणी करताना बांधीत चक्कर येऊन पडली. मावशी मला घेऊनच एसटीत बसली.

"काऊन वो बाई, गोळ्या कायले सोडल्या?"

सायाबाईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याच पोट्ट्यानं कागद देल्ला ना! नातीनं वाचून दाखवला, गोळी सुटली म्हने. माह्या बुढ्याची दारू सुटली, तशी माही गोळी सुटली, मी म्हनलं बरं झालं!"

दवाखान्यात चार दिवस काढून ती उठली. त्या दिवशी एसटीत परतताना मावशी एवढंच म्हणाली, "तुझा कागद खोटा नव्हता, अर्धा होता. घोषनेले बी डोस लागते रे."

तेव्हापासून तिच्या काउंटरला सुतळीनं एक भिंग बांधलेलं असे. प्रत्येकाला ती त्यातून बारीक नाव वाचायला लावी. इंग्रजी न येणाऱ्यांना देवनागरीत चिठ्ठी लिहून देई. "ह्याच नावाची दुसऱ्या कंपनीची सस्ती गोळी निघाली. डॉक्टरले इचारून बदला. सोडू नोका."

मागच्या आठवड्यात दुकानात गेलो. भिंग तिथंच लटकत होतं. सायाबाई भेटायला आली होती. तिनं पदराची गाठ सोडून मावशीच्या अक्षरातली मऊ पडलेली चिठ्ठी काढली. वाचता येत नसूनही चिठ्ठीवर बोट ठेवून ते लांबलचक नाव तिनं अडखळत, पण बरोबर म्हटलं.

माझं अर्धं पत्रक आता एवढंच आहे: आज घरातल्या औषधाचं पाकीट उलटा. बारीक अक्षरांतलं नाव मोठ्यानं वाचा, डॉक्टरला आणि दुकानदाराला विचारा, ही सुटली का? आणि उत्तर मिळेपर्यंत आजची गोळी घ्या.