गार बाटली आणि वहिनीचा अबोला

माझ्या वहिनीला चिडायला एरवी कारण लागत नाही, पण त्या खेपेला होतं. दादाने गार बाटली उघडली होती.

दादा आणि वहिनी मेंदूवर संशोधन करणाऱ्या एकाच प्रयोगशाळेत आहेत. मी तिथलाच फ्रीजर दुरुस्त करणारा. वहिनीच्या ताब्यात एक पांढरी पूड असते. मेंदूच्या पेशींवर निरोप स्वीकारणाऱ्या जागा असतात, त्या ही पूड अडवून बसते. निरोप येतो आणि दारातूनच परत जातो. पूड ठेवायची उणे वीस अंशांत, गडद काचेच्या बाटलीत, अगदी कोरडी. बाहेर काढल्यावर बाटलीचा गारवा पुरता जाईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही, नाहीतर हवेतली ओल आत शिरते.

वहिनीला धीर कशाचा म्हणून नाही; चहासुद्धा उकळायच्या आत गाळते. पण त्या बाटलीसमोर ती हाताची घडी घालून गप्प बसते. दादाने मात्र आपल्याच तंद्रीत झाकण फिरवलं आणि पुडीची ढेकळं झाली. आता शिल्लक एकच बाटली. नवी यायला कित्येक महिने, आणि वहिनीचा सगळा प्रयोग त्या एका बाटलीवर.

मग घरात अबोला. "भाऊजी, त्याला सांगा, जेवण वाढलंय." दादा समोरच बसलेला! त्याचा एकही निरोप आत पोचेना. पूड वहिनीनेच खाल्ली की काय, अशी मला शंका आली.

अशात एका दुपारी वहिनीचा फ्रीजर बंद पडला. मी मागचं झाकण काढलं, तर कॉम्प्रेसर जळलेला. वहिनीचं तोंड एवढंसं झालं. दादा बर्फाचा डबा घेऊन आला, बाटली त्यात ठेवली आणि खालच्या मजल्यावरच्या आपल्या फ्रीजरकडे धावत सुटला. घराला आग लागली तरी आधी चपला शोधेल असा हा माणूस!

दुसऱ्या दिवशी मी फ्रीजर दुरुस्त केल्यावर त्याने बाटली आणून तिच्या टेबलावर ठेवली. वहिनीचे डोळे भरून आले. मलाही फार बरं वाटलं. पूड शाबूत आहे का बघायला तिने घाईघाईने झाकण धरलं.

दादाने तिच्या हातावर हात ठेवला. "थांब. गार आहे अजून."

वहिनीने हात मागे घेतला. दोघं बाटलीसमोर हाताची घडी घालून बसले.

"तोपर्यंत काय करायचं?" दादाने भीत भीत विचारलं.

"बोल की," वहिनी म्हणाली.