काळी पडलेली अंडी

सौंसरला आमच्या शेजारी खोली घेऊन राहणारे विज्ञानाचे मास्तर एक वाक्य संपलं, की भिंग सदऱ्याला पुसत आणि मग दुसरं सुरू करत. आमच्या अंगणातल्या संत्र्याच्या रोपावर फुलपाखरानं मोहरीएवढी पिवळी अंडी घातली, तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, मायनं आत बलक भरून ठेवला. तो पचवणारं एन्झाइमही सोबतच देलं, पण निजवून. वेळ झाली का ते जागं होते, बलकातलं प्रथिन तोडते, न् त्याच्यातूनच अळीचं अंग बनते."

"म्हणजे स्वयंपाकीण डब्यातच निजली म्हणा," मी म्हटलं. तेव्हा मला माझ्याच विनोदांचं फार कौतुक होतं.

मास्तरांना अळी निघताना पाहायची होती. पण त्यांना दोन दिवस पांढुर्ण्याला जावं लागलं, म्हणून अंडी माझ्यावर सोपवली. दुसऱ्या दिवशी ती काळी पडली. सडली असं ठरवून मी शहाणीनं अंड्यांसकट पान तोडून चुलीत टाकलं.

मास्तर आले ते घाईतच. "काळी पडली असन न आता? म्हणजे अळी तयार झाली. कुठी आहे?"

"चिमणीनं खाल्ली," मी सांगितलं.

त्यांनी वहीत तसंच लिहिलं. पुन्हा अंडी दिसताच ती चिमणीपासून जपायला स्वतःची मच्छरदाणी रोपावर बांधली आणि पावसाळाभर मच्छरांत झोपले. हातांवर गांध्या उठायच्या, तरी म्हणायचे, "बरं झालं वहिनी, तुमी चिमणी पाह्यली."

खरं सांगायला अख्खा पावसाळा होता. मी रोज त्यांना गांध्यांवर लावायला खोबरेल तेल देत राहिले.