फिटरचा कान

जामनेरजवळच्या जिनिंगमध्ये मी सव्वीस वर्षं फिटर होतो. रुई आणि सरकी वेगळी करणारी मशिनं सुरू झाली, की शेजारचा बोंबलला तरी ऐकू येत नाही. त्या गदारोळात कुठलं बेअरिंग जाणार, ते मी कानानं सांगायचो. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची. बाकीचे कानात रुईचे बोळे घालत. मी हसायचो. बोळे घातल्यावर मशीन काय बोलतंय ते कळणार कसं?

गेल्या हंगामात कानात सुंईऽऽ सुरू झालं. घरी आलो तरी चालूच. बायकोनं लसूण कढवून तेल घातलं. मग चक्कर सुरू झाली. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर सगळं गरगरायचं.

जळगावच्या डॉक्टरनं मळ काढला, तेलावरून झापलं आणि विचारत सुटला. बीपी? साखर? मान आखडते? कान वाहायचा? गुडघ्याच्या गोळ्या किती खाता?

"कारण एक असेल, चार असतील," तो म्हणाला. "पण मशीनजवळ जाऊ नका. गेलेलं ऐकणं परत येत नाही."

मग एवढं विचारलंस कशाला, बाबा! माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

आठवड्यानं सात नंबरचं बेअरिंग ओरडताना ऐकलं. ऐन हंगामात मशीन थांबवून उघडलं. आत काही बिघाड नाही, ग्रीससुद्धा भरलेलं. तेवढ्यात नऊ नंबरमधून धूर आला. तासापूर्वी तेच मशीन ऐकून मी "बठ्ठं बरं शे", सगळं ठीक आहे, म्हणालो होतो.

मेन स्विच पाडला. आग पाण्यानं विझली, कुणाला काही झालं नाही. मुकादमानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तो ओली रुई उपसायला लागला.

सगळं बंद असताना मी सात नंबरला स्क्रूड्रायव्हर टेकवला. ओरडत होतं. आठला टेकवला. तेही. शेवटी भिंतीला टेकवला. भिंतीतही बेअरिंग ओरडत होतं.

सगळे बघत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसरं काय येत होतं मला?

"चाला नाना, घर चाला," म्हणत मुकादमानं माझा हात धरला. झटकून टाकावासा वाटला. पण सोडला असता, तर मी तिथंच पडलो असतो.