मास्तरांचा उजवा पाय

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, तो शोभेचा. दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली, तो खरा. निदान आमच्या मास्तरांचं मत तरी असं होतं आणि त्या मतावर त्यांनी उभा जन्म काढला. निम्म्या शहराला त्यांनी गाडी शिकवली. त्यातल्या किती जणांना ती खरोखर आली ते विचारू नका, पण शिकताना कुणी कशाला धडकलं असं एकदाही झालं नाही. ते सगळं श्रेय मास्तरांच्या उजव्या पायाचं. समोर मांजर आलं की पाय दाबला. मांजर येईलसं वाटलं तरी दाबला. घरी टीव्हीवर कुणी गाडी पळवत असलं, तरी मास्तरांचा पाय खालच्या सतरंजीवर गच्च. सतरंजी त्या जागी विरून गेली होती.

त्यांच्या बायकोला, म्हणजे मास्तरीणबाईंना, गाडी त्यांनीच शिकवली. परीक्षेच्या दिवशी साहेब मागे बसले, मास्तर शेजारी, आणि बाईंनी गाडी अशी झोकात थांबवली की साहेबांनी जागच्या जागी पास केलं. आता ती गाडी बाईंनी थांबवली की मास्तरांनी, हा वाद त्या घराला वर्षानुवर्षं पुरला. मास्तर म्हणायचे, "मी नुसता पाय टेकवला होता." बाई म्हणायच्या, "तुमचं टेकवणं मला ठाऊक आहे." लायसन्स मिळालं खरं, पण बाईंनी गाडी चालवली ती फक्त मास्तर शेजारी असताना, आणि तीही आधी एक प्रश्न विचारून. "अहो, पाय ब्रेकवर आहे ना?" "आहे." मग गाडी हलायची.

अशा माणसाच्या पित्ताशयात खडे झाले. शिकाऊ लोकांवरचा राग इतकी वर्षं गिळला त्याचेच हे खडे, असं मास्तरांचं स्वतःचं निदान. ऑपरेशन अगदी साधं होतं. दुर्बिणीतून करायचं, पोटावर बारीक बारीक भोकं, आज आत, उद्या घरी. सर्जनबाई मास्तरांच्याच जुन्या विद्यार्थिनी निघाल्या. "मास्तर, तुम्हाला कळणारसुद्धा नाही," त्या म्हणाल्या. "तुला गियर कळत नव्हते, तसं का?" मास्तरांनी विचारलं, आणि स्वतःच्याच विनोदावर इतके खूश झाले की ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यापर्यंत गाडी स्वतःच चालवत गेले. पार्किंगमध्ये लावली, किल्ली बायकोच्या हातात ठेवली. "नुसती सांभाळ. उद्या मीच घेऊन जाणार आहे," म्हणाले.

तो उद्या काही लवकर उजाडला नाही. दुर्बीण आत गेली आणि आतला कारभार बघून सर्जनबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पित्ताशय सुजून, कुजून यकृताला आणि आतड्याला असं चिकटून बसलं होतं, की कुठलं काय कुठे संपतं याचा पत्ता लागेना. त्यात रक्त थांबेना. दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडावं लागलं, उजव्या बरगडीखाली चांगली वीतभर चीर. सकाळचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. मग आत पित्त गळायला लागलं. ताप चढला. तोंडातून दुर्बीण घालून आतल्या पित्ताच्या नळीत आणखी एक नळी बसवली, आणि पोटाच्या बाजूने तिसरी नळी बाहेर काढून तिला पिशवी लावली. मधल्या बऱ्याच दिवसांचा मास्तरांना थांगपत्ता नाही. नीट शुद्धीवर आले तेव्हा सर्जनबाई पायथ्याशी उभ्या होत्या. "मास्तर, तुम्हीच शिकवलंत ना, वळणापलीकडे काय आहे ते वळल्याशिवाय कळत नाही?"

"मी हळू जा असंही शिकवलं होतं," मास्तर म्हणाले, आणि हसले, आणि हसल्याबरोबर डोळ्यांपुढे काजवे चमकले.

इथून खरी पंचाईत सुरू झाली. हसायचं नाही, खोकायचं नाही, शिंकायचं तर नावच काढायचं नाही, असा हुकूम सुटला. आणि मास्तरांना तर जिवंत आहोत या आनंदाने खुळ्यासारखं हसू फुटत होतं. कशानेही फुटायचं. पिशवी बघितली की हसू. पंखा फिरतोय, हसू. पोटाचं इंजिन चालू झालं की नाही हे कळायला नर्स रोज सकाळी सगळ्यांदेखत विचारायची, "मास्तर, वारा सरला का?" आणि अख्खा वॉर्ड निकालाची वाट बघितल्यासारखा कान टवकारायचा. एके सकाळी मास्तर लाजत लाजत म्हणाले, "सरला." शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त पोस्टमनने टाळ्या वाजवल्या. मास्तर उशी पोटाशी धरून हसले, आई गं आई गं म्हणत हसले. इतकं कौतुक त्यांचं लग्नातही झालं नव्हतं.

घरी जायचा दिवस आला. मेहुणा न्यायला येणार होता, पण तो फोनवरच इतका शिंकला की सर्जनबाईंनी त्याला लांबूनच हात जोडले. गाडी पार्किंगमध्ये धूळ खात उभी होती. मास्तरीणबाईंनी काच पुसली, मास्तरांना पोटाशी उशी देऊन शेजारी बसवलं, आणि पांढऱ्याफटक चेहऱ्याने स्टीअरिंग धरून म्हणाल्या, "अहो, पाय ब्रेकवर आहे ना?"

"आहे."

होताच. इतके दिवस बिछान्यात पडून त्या पायाची जी उपासमार झाली होती, तिचं त्याने रस्ताभर उट्टं काढलं. सायकल दिसली, दाबला. कागद उडाला, दाबला. फुटपाथवर एक आजोबा नुसते चष्मा पुसत उभे होते, त्यांच्यासाठीही दाबला. दरवेळी बरगडीखाली अशी कळ जायची की मास्तर सीटवरून अर्धे उठायचे. घरी पोचेपर्यंत बँडेजवर लाल डाग.

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला सर्जनबाईंचं पित्त खवळलं. त्यांचं होतं अजून जागेवर. "मास्तर, आतले टाके कच्चे आहेत. पायाने असा जोर लावलात की पोटाचा स्नायू ओढला जातो. टाके सुटले तर मला पुन्हा उघडावं लागेल. पहिल्या वेळी तुम्ही टेबलावरून परत आलात हेच मला आश्चर्य वाटतंय. दुसऱ्या वेळची हमी मी देणार नाही. पाय आवरा."

मास्तरांनी पायाकडे बघून मान डोलावली. एक दिवसाआड ड्रेसिंगला तर यायचंच होतं. मग टॅक्सी करून बघितली. टॅक्सीत त्यांच्या बाजूला पेडल नाही म्हटल्यावर पाय बिथरला आणि सरळ गाडीच्या तळावर दाबायला लागला. वर मास्तर दर चौकात टॅक्सीवाल्याला "अरे बघ, अरे बघ, अरे बघ!" म्हणणार. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली. "काका, तुम्ही तरी चालवा, नाहीतर मला तरी चालवू द्या." टॅक्सीचं प्रकरण तिथेच मिटलं.

मास्तरांनी मग फार विचार केला. पाय ब्रेकवर ठेवला, तर तो दाबणार. स्वतःच्या पायावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. आणि ब्रेकवर पाय नाही हे बायकोला कळलं, तर ती भर चौकात किल्ली काढून खाली उतरेल. तेव्हा पुढच्या फेरीला त्यांनी सीट मागे सरकवली, चक्क मांडी घातली, उजवा पाय डाव्या मांडीखाली कोंडून टाकला, वर उशी आणि उशीवरून खालपर्यंत शाल सोडली.

"अहो, पाय ब्रेकवर आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाले. बायकोशी इतकं धडधडीत खोटं ते पहिल्यांदाच बोलत होते.

आणि गाडी निघाली. ब्रेकमास्तर म्हणून शहरभर गाजलेला माणूस मांडी घालून, जीव मुठीत धरून, डोळे मिटून बसलेला, आणि शेजारी बायको भर रस्त्यात गाडी हाकतेय! मांडीखाली पाय दावणीच्या बैलासारखा ओढ घेत होता. मास्तरांनी एक डोळा उघडला तर समोर बस. मिटला. उघडला तर बस मागे पडलेली. हे कसं झालं ते त्यांना समजेना. दवाखान्यासमोर गाडी थांबली तेव्हा त्यांच्या अंगाला दरदरून घाम सुटलेला, आणि बँडेज मात्र कोरडं ठणठणीत. सर्जनबाईंनी पाठ थोपटली.

पुढे तर कमालच झाली. बाई सरावल्या. एका हाताने पदर सारखा करत वळण घेऊ लागल्या. दुधाच्या गाडीला ओलांडून गेल्या, वर तिला हॉर्न दिला. एकदा तर चालवता चालवता गुणगुणल्या. मास्तरांना आधी धडकी भरायची, मग हळूहळू गंमत वाटायला लागली, मग एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपण अर्धा रस्ता खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत आलो. पण निघताना तो प्रश्न चुकायचा नाही, आणि मास्तर ताकास तूर लागू देत नव्हते. ही सगळी ऐट आपल्या पायाच्या भरवशावर आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. खरं कळलं तर बाईंचं अवसान तिथल्या तिथे गळेल. टाके तरी पक्के होऊ देत, मग सांगू.

पोटातली नळी निघाली तो दिवस. पिशवी गेली, अंग कसं पिसासारखं झालं. दवाखान्यातून निघून गाडी उतारावरून खाली येत होती, दोघंही अगदी लहर आल्यासारखी बडबडत होती, आणि बोळातून एक टेंपो पाठमोरा बाहेर आला. त्यावर भलंमोठं आरशाचं कपाट. आरशात मास्तरांना त्यांचीच गाडी त्यांच्याच अंगावर धावून येताना दिसली. मांडीखालचा पाय सुटला. शालीतून बाहेर आला आणि सगळ्या जन्माचं बळ एकवटून त्याने ब्रेक दाबला.

पेडल भसकन तळाला गेलं. ना ताण, ना जोर, काही लागलंच नाही.

"ब्रेक गेला!" मास्तर किंचाळले. "अगं, ब्रेक गेला!"

"कुठे गेला? गाडी उभी आहे ना?"

मास्तरांनी डोळे उघडले. गाडी उभी होती. आरशात ती दोघं शेजारी शेजारी दिसत होती.

"माझा गेला! माझ्या बाजूचा!"

"तुमचा मी काढून ठेवलाय," बाई म्हणाल्या. "म्हणजे पेडल आहे, त्याची तार सोडवलीय. टॅक्सीवाल्याने तुम्हाला उतरवलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हटलं, दाबा हवं तेवढं, पोटाला ओढ तरी बसायची नाही."

"आणि गॅरेजपर्यंत गाडी कुणी नेली?"

"मी. तुम्ही दुपारी घोरत होतात."

"एकटीने?"

"मग काय, गॅरेजवाला घरी येऊन काखेत मारून नेणार होता?"

मास्तरांनी मनाशी गणित मांडून पाहिलं आणि त्यांचं डोकं गरगरलं. "म्हणजे इतके दिवस तुला माहीत होतं, की इकडे ब्रेक नाही?"

"माहीत होतं. पण तुम्हाला बरं वाटावं म्हणून गप्प बसले. आपला पाय आहे, आपण गाडी सांभाळतोय, असं वाटायला हवं ना तुम्हाला?"

मास्तरांनी शाल वर उचलली. डावा पाय अजून मांडी घातलेलाच होता. "पाय कधी नव्हताच तिथे," ते म्हणाले. "मी असा बसत होतो. तुला बरं वाटावं म्हणून."

बाईंनी त्या पायाकडे बघितलं. मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं. मग जे हसू फुटलं त्याला ना इकडून ब्रेक ना तिकडून. बाई स्टीअरिंगवर डोकं टेकून हसत होत्या, मास्तर उशी कवटाळून "नको गं, टाके, अगं टाके" म्हणत हसत होते, आणि टेंपोवाला आपल्या कपाटाचं काही फुटलं का हे बघायला उतरला तो यांनाच बघत उभा राहिला.

"पण मग," मास्तरांनी डोळे पुसत विचारलं, "ब्रेक नाही हे ठाऊक होतं, तर दरवेळी विचारत का होतीस?"

बाईंचं हसू थांबलं.

"ऑपरेशनच्या दिवशी दुपारी सर्जनबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, पोट उघडावं लागतंय, इथे सही करा, काही सांगता येत नाही. मी सही केली आणि खाली गाडीत जाऊन बसले. म्हटलं, काही झालं तर घरी गाडी मलाच न्यावी लागणार. किल्ली लावली. सवयीने तोंडातून गेलं, अहो, पाय ब्रेकवर आहे ना?" त्या समोरच्या काचेकडे बघत होत्या. "शेजारून कुणी बोललं नाही. कितीतरी वेळ तशीच बसले होते. म्हणून विचारते. तुम्ही बोललेलं ऐकू यावं म्हणून. त्या मेल्या ब्रेकचं काय घेऊन बसलात!"

रडू हसण्यापेक्षाही जास्त दुखतं हे मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. आपण आत पडलो होतो त्या दुपारी ही एकटी त्या गाडीत काय सोसत होती, ते इतक्या दिवसांत त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, आणि त्याची त्यांना फार लाज वाटली. त्यांनी तिचा गियरवरचा हात धरला. मागून हॉर्न वाजायला लागले. टेंपो केव्हाच गेला होता.

बाईंनी हाताच्या पाठीने डोळे पुसले. पहिला गियर टाकला आणि थांबल्या.

"अहो, पाय ब्रेकवर आहे ना?"

मास्तरांनी उजवा पाय उचलून पुन्हा मांडीखाली घेतला.

"आहे," ते म्हणाले. "चल."