परीक्षा केंद्रात मांडलेलं घर

काशीगावच्या एका परीक्षा केंद्रात मला अधिकृतपणे कळवण्यात आलं, की मी म्हणजे मी नाही.

"सर, ये आप नहीं हो," स्क्रीनकडे बघत केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मैं ही हूँ! आधार कार्ड देखो!"

"कार्ड आपका है, सर. चाल किसी और की है."

आता हे प्रकरण काय, ते सांगतो. मी भाईंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आहे. आमच्याकडे सेफ्टी सुपरवायझरची जागा निघाली. त्याची परीक्षा द्यायची ती डोळ्यांवर व्हीआरचा डबा चढवून. आत खोटा कारखाना दिसतो, त्याला खोटी आग लागते आणि ती आपण खरा घाम गाळून विझवायची. आपल्या जागी भलत्यानेच डबा चढवू नये (हुशार मेहुणे घरोघरी असतात!), म्हणून यंत्र माणसाला त्याच्या हालचालींवरून ओळखतं. चालणं, वळणं, वाकणं, हात उचलणं. त्याची नोंद आधी घरी करायची होती. "बिलकुल नॅचरल रहो," अशी सूचना होती.

मी नॅचरल राहिलो. शांती नगरच्या आमच्या वन रूम किचनमध्ये राहता येतं तेवढं! डावीकडे फ्रिज, उजवीकडे दार न लागणारं कपाट, डोक्यावर कपडे वाळत घालायची काठी आणि मधोमध पाय पसरून भाजी निवडणारी आई. डोळ्यांवर डबा, समोरचं काही दिसत नाही, तरी कशालाही धक्का न लावता मी अर्धा तास फिरलो. एकोणीस वर्षांची तपश्चर्या! हिनेसुद्धा कौतुक केलं. (तारीख लिहून ठेवायला हवी होती.)

केंद्रातला हॉल मात्र बॅडमिंटन कोर्टाएवढा. एवढी रिकामी जागा बघितल्यावर मी काय चाललो! छाती पुढे, हात झुलवत, लांब ढांगा टाकत. यंत्राने लाल फुली मारली. दुसऱ्यांदा आणखी रुबाबात चाललो. पुन्हा फुली!

"लास्ट चान्स है, सर. अब नहीं मिला तो कंपनी को मेल जाएगा. डमी कँडिडेट."

बढती राहिली बाजूला, इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर मी तोतया ठरणार! तेही सहकुटुंब. कारण पास झालो की परस्पर हॉटेलात जेवायला जायचं म्हणून सगळे सोबत आलेले: ही, आई आणि माझा मेहुणा बाळा.

ही बाहेरच्या बाकावरून उठून आत आली.

"अहो, घरी कधी असे चालता का तुम्ही? असे हात झुलवलेत तर फ्रिजवरची लोणच्याची बरणी खाली येईल!"

"इथे फ्रिज आहे कुठे?"

"तेच म्हणतेय मी!" आणि ती मॅडमकडे वळली. "मॅडम, दो मिनट रुको. हम घर लगाते हैं."

आणि खरंच लावलं! ही स्वतः फ्रिज झाली. बाळाला तिने समोर कपाट म्हणून उभं केलं.

"दार उघडं ठेव रे!"

बाळाने एक हात आडवा पसरला. "ताई, किती वेळ?"

"कपाट बोलतं का?"

मॅडम आधी "नहीं, नहीं" म्हणत होत्या, पण हिच्यापुढे कुणाचं चाललंय? छत्री आडवी धरून त्या काठी झाल्या. आईला काही व्हावंच लागलं नाही. ती मधोमध बसली आणि तिने पाय पसरले.

मी डबा चढवला. पोट आत घेतलं. फ्रिजपाशी तिरका झालो, कपाटापाशी खांदा चोरला, काठीखाली मान घातली, आईचे पाय ओलांडले.

"दिलीप, माझा गुडघा सांभाळ हां!"

"मॅच हो गया!" मॅडम आनंदाने ओरडल्या आणि छत्री माझ्या टाळक्यात बसली.

मी हात पसरून आळस देणार, तोच मॅडमनी सांगितलं, की यंत्र परीक्षा संपेपर्यंत तपासत राहतं. म्हणजे घर हलवायचं नाही!

आग लागली. सायरन वाजतोय, खोटे कामगार सैरावैरा पळताहेत, आणि मी, होऊ घातलेला सुपरवायझर, आग विझवायचं नळकांडं पोटाशी धरून तिरका होऊन इंच इंच सरकतोय.

"भाओजी, पळा! स्क्रीनवर सगळं पेटलंय!" कपाट.

"पळून तर बघा! बरणी!" फ्रिज.

"कपाट, थोडा अंदर!" काठी.

"अरे, माझा पाय!" आई.

तो पाय ओलांडून मी आगीपाशी पोहोचलो, तेव्हा विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं. अख्खा कारखाना जळून खाक!

निकाल जागेवरच लागला. नापास. मॅडमना माझी दया आली. "लेकिन सर, पहचान एकदम पक्की. हंड्रेड पर्सेंट आप ही हो."

नापास झालेला तो ठोंब्या मी नव्हेच, असं छातीठोकपणे सांगायची सोय यंत्राने मला दोनदा करून दिली होती. आमच्या अख्ख्या घराने राबून ती घालवली!