जाधव मॅडमची दुरुस्ती

कुठलाही आलेख पाहण्याआधी जाधव मॅडम त्याच्यावरचा जुळणीचा आकडा, म्हणजे आमचा हिशेब प्रत्यक्ष नोंदींशी किती जुळतो तो, तळहाताने झाकायच्या. आकडा दिसला की डोळे आळशी होतात, असं त्यांचं म्हणणं. मी पहिल्यांदा त्यांच्या भोरच्या घरी गेले, तेव्हा लॅपटॉप उघडताच त्यांचा हात आडवा आला आणि माझा अभिमानाचा आकडा त्याखाली गेला.

मॅडम तेलक्षेत्रांत भूभौतिकीचं काम करून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे वडील भोरच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्याच दोन खोल्यांत, बुद्धाच्या तसबिरीखाली मॅडमचं टेबल होतं. आमचं पुण्यातलं ऑफिस अहवाल तपासायला त्यांच्याकडे पाठवायचं.

आमचं काम तसं सांगायला सोपं. जमिनीत धक्का सोडायचा आणि खालच्या थरांवरून परतणाऱ्या लाटा वाचून तेलाचा थर शोधायचा. पण परतलेल्या लाटेत त्या धक्क्याचा स्वतःचा आकारही मिसळलेला असतो. त्याला वेव्हलेट म्हणतात. तो अंदाजाने काढावा लागतो आणि तो चुकला की नसलेले थर दिसायला लागतात. मॅडम हे त्यांच्या पद्धतीने समजवायच्या. "वेल्ह्याच्या डोंगरात हाक मारलीस, तर परत येतं त्यात डोंगर किती आन् तू किती? आधी तुझा आवाज वळख."

माझा वेव्हलेट त्या भागात आधी खोदलेल्या तिन्ही विहिरींच्या नोंदींशी हुबेहूब जुळत होता. मॅडमनी त्याची लांबी पाहिली आणि मान हलवली. "एवढा लांब वेव्हलेट कशाशीबी जुळंल. एक विहीर बाजूला ठेव आन् पुन्ना कर."

दोन विहिरींवरून नवा वेव्हलेट काढला आणि तिसरीवर ताडून पाहिला. काहीच जुळेना. ज्या जाड थराच्या भरवशावर माझा अहवाल उभा होता, तो थर खाली नव्हताच बहुधा. आणि घाईघाईत, मॅडमच्या तपासणीची वाट न पाहता, अहवाल आदल्या आठवड्यातच पुढे गेला होता. त्यावरून खोदाईची जागाही ठरत आली होती.

नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. मी म्हटलं, पुढच्या अहवालात हळूच सुधारून घेईन, कुणाच्या लक्षात येणार नाही. मॅडमनी लॅपटॉप मिटला. मग त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांनीही एक वेव्हलेट उलटा, चढाच्या जागी उतार असा, धरला होता. अहवाल गेल्यावर ते त्यांच्या ध्यानात आलं, पण बोलायचा धीर झाला नाही. विहीर कोरडी निघाली. त्या अहवालावरून जागा सुचवणाऱ्या सहकाऱ्यावर ठपका आला आणि लांब बदलीही त्या सहकाऱ्याचीच झाली.

"म्या तवा एक फोन केला न्हाई," त्या म्हणाल्या. "तू कर."

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. ते खूप चिडले. मॅडम शेजारी बसून होत्या, पण मला सोडवायला त्यांनी फोन काही हातात घेतला नाही. खोदाई थांबली. पुढचे तीन रविवार मी एसटीने भोरला जात राहिले. नव्या चित्रात थर पातळ दिसला, कडाही धूसर. पण बाजूला ठेवलेल्या विहिरीशी तो जुळला. जागा बदलली. नोकरी राहिली, आणि रविवारी भोरला जाणंही चालूच राहिलं.

गेल्या वर्षी मॅडम अंथरुणाला खिळल्या. एका रविवारी त्यांनी मला कागद घ्यायला लावला. त्या सहकाऱ्याला पत्र लिहायचं होतं. त्या सांगत होत्या, मी लिहीत होते. एका ठिकाणी मी माझ्या मनानेच लिहिलं, 'माझ्याकडून त्रुटी राहून गेली.' वाचून दाखवल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"त्रुटी न्हाई. चूक लिही. आन् लपवली, हेबी लिही."

पत्र पोचलं तसा त्या गृहस्थांचा फोन आला. मीच तो मॅडमच्या कानाशी धरला. त्या नुसत्या ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर, ते काय म्हणाले, असं मी विचारलं.

"त्यांना तवाच कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "मी कवा सांगते, त्याची वाट बघत हुते."

पुढच्या महिन्यात मॅडम गेल्या. ते गृहस्थ अंत्यविधीला आले होते, काठी टेकत, एसटीने.